शिक्क्याची बॅटरी

दिवाळी अंकासाठी दिव्यावर काहीतरी लिहावे, असे संपादकांचे पत्र आले. दिव्यांवर मराठीत आजवर इतके लिहून झाले आहे, की पणतीत तेलाऐवजी तेवढी शाई ओतली असती तरी ती वर्षभर तेवत राहिली असती. तेव्हा यंदा दिव्याला हात न लावता, दिवा ज्याच्या जिवावर लागतो त्या वस्तूवर लिहावे असे ठरवले. ती वस्तू म्हणजे बॅटरी. आणि तीही विमानातली. जंगलात राहणाऱ्या मराठीच्या प्राध्यापकाला हे कुठून सुचले, असे वाचकांना वाटेल. जरा दमाने घ्या, सांगतो.

आमच्या आलापल्लीत ‘बॅटरी’ या शब्दाचे तीन अर्थ आहेत. पहिला आणि सर्वांत जुना अर्थ म्हणजे रात्री शेतावर किंवा नाल्याकडे जाताना हातात घ्यायची ती. पुस्तकात तिला आम्ही ‘विजेरी’ म्हणतो आणि परीक्षेत मार्क देतो. पण ‘विजेरी आणा’ असे दुकानात म्हटले तर दुकानदार गिऱ्हाइकाकडे विजेरी मारून पाहील. दुसरा अर्थ ट्रकची आणि ट्रॅक्टरची बॅटरी. तिसरा अर्थ अलीकडचा: पावसाळ्यात तारांवर झाड पडले की घराला रात्रभर सांभाळणारी इन्व्हर्टरची बॅटरी. या तिन्हींत एक समान धर्म असा, की ती चालू असते तोवर तिची आठवण कोणाला होत नाही.

चौथा अर्थ मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने शिकवला. तो आमच्या गावचा मुलगा. त्याच्या वडिलांनी उभी हयात सागवानाचे ट्रक चालवण्यात घालवली. मुलगा बारावीनंतर विमानांच्या देखभालीचे शिक्षण घ्यायला बाहेर पडला, परवान्याच्या परीक्षा एकेक करून पास झाला, आणि आज एका फ्लाइंग क्लबात विमान देखभाल अभियंता आहे. क्लबाचे नाव सांगण्याचे इथे काही प्रयोजन नाही. विमान दुरुस्त झाल्यावर ‘हे उडण्यास योग्य आहे’ असे लिहून खाली सही करायची, हे त्याचे काम. वैमानिक ती सही पाहून विमानात बसतो.

आता आलापल्ली कुठे आणि विमान कुठे, असे पुण्या-मुंबईच्या वाचकांना वाटणे साहजिक आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यातले हे गाव. १९८२ साली नवा जिल्हा होईपर्यंत आम्ही चंद्रपूरकर होतो. आमची ओळख सागवानाची. जवळच कमलापूरला वनखात्याचे हत्ती आहेत. एके काळी त्यांच्या पूर्वजांनी इथले ओंडके ओढले. आकाशातून आमच्याकडे येते ते हेलिकॉप्टर. निवडणुकीत दूरच्या मतदान केंद्रांवरची माणसे त्यातून नेतात, आणि शाळेतली पोरे मैदानावर धावत जातात. त्या धावणाऱ्या पोरांपैकीच हा एक.

यंदा पावसाळ्यात तो चार दिवस घरी आला होता. माझ्याकडे आला तेव्हा वडीलही सोबत होते, आणि बापलेकांचा एक वाद अर्धवट राहिलेला होता. वाद होता एका म्हाताऱ्या विमानाच्या बॅटरीचा.

विमान म्हणजे सेसना १५२. दोन माणसांचे, वरच्या अंगाला पंख असलेले, शिकाऊ वैमानिकांचे लाडके विमान. अमेरिकेतल्या सेसना कारखान्याने ते १९७७ ते १९८५ या काळात बनवले. साडेसात हजारांवर बनवले, आणि मग बंद केले. म्हणजे आज यातले सर्वांत तरुण विमानसुद्धा चाळिशी ओलांडलेले आहे. या वयाची मोटार आपण भंगारात देतो. विमान मात्र वयाने म्हातारे होत नाही, हयगयीने होते. नेमलेल्या तासांनी तपासणी, नेमलेल्या वेळी भाग बदलणे, आणि प्रत्येक गोष्टीची वहीत नोंद, एवढे पथ्य पाळले तर ते आजोबांना आणि नातवाला सारख्याच इमानाने उडवते.

जुन्या विमानांची हौस आपल्याकडे नवी नाही. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला टपाल आणले ते पस मॉथ नावाच्या चिमुकल्या विमानातून, आणि पन्नास वर्षांनी, १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, तोच प्रवास लेपर्ड मॉथ या त्याच घराण्यातल्या जुन्या विमानातून पुन्हा केला. आपल्या फ्लाइंग क्लबांतून वर्षानुवर्षे शिकवणारे ‘पुष्पक’ हे विमान तर एका मराठी माणसाच्या देखरेखीखाली तयार झाले. डॉ. विष्णु माधव घाटगे हे त्यांचे नाव. जर्मनीत गॉटिंगेनला प्राण्ट्ल यांच्यासारख्या गुरूच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. केली, बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये विमानांची रचना केली, आणि १९५८ साली पुष्पक प्रथम आकाशात गेले. या पुष्पकाचे इंजिन चालू करायला बटण नव्हते. एकाने आत बसायचे, दुसऱ्याने बाहेर उभे राहून पंखा हाताने गरकन फिरवायचा आणि चटकन मागे सरकायचे. टायगर मॉथचाही हाच रिवाज.

“म्हणजे बॅटरीशिवाय विमान उडते?” मी विचारले.

“उडतं सर. अजूनही उडतं.”

इथे वाचकांना एक गोष्ट समजावून सांगितली पाहिजे. मोटारीच्या इंजिनात ठिणगी पडते ती बॅटरीच्या कृपेने. अशा लहान विमानात तसे नाही. त्याच्या इंजिनावर मॅग्नेटो नावाची दोन छोटी यंत्रे बसवलेली असतात. इंजिन फिरले की ती फिरतात, आतल्या लोहचुंबकाच्या जोरावर स्वतःची वीज स्वतः तयार करतात आणि ठिणगी पाडतात. एक बिघडले तरी दुसरे चालू राहावे म्हणून दोन. बॅटरी मेली, तारा तुटल्या, सगळे दिवे गेले, तरी इंजिन आपले चालूच राहते. बॅटरीवर विसंबायचे नाही, असे जुन्या रचनाकारांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकले होते.

मग बॅटरी हवी कशाला? तर सेसना १५२ मध्ये इंजिन चालू करायला बटण आहे, ती चैन बॅटरीची. एकदा इंजिन चालू झाले, की त्याला जोडलेला अल्टरनेटर वीज पुरवू लागतो आणि बॅटरीही भरतो. पण समजा, हा अल्टरनेटर आकाशातच रुसला, तर? मग रेडिओ, दिवे, जमिनीवरच्या रडारला ओळख देणारे यंत्र, वळणाचा अंदाज देणारे घड्याळ, आणि उतरताना पंखांमागच्या ज्या झडपा खाली करतात त्या, या सगळ्यांना बॅटरीच पोसते. ढगाळ संध्याकाळ आहे, विद्यार्थी एकटा आहे, विमानतळाची परवानगी मागायची आहे. इंजिन चालू असेल हो, पण मुक्याने आणि आंधळ्याने उतरायचे कसे? आजचे नियम सांगतात, की वीज बनणे थांबल्यावर आवश्यक तेवढ्या यंत्रांना बॅटरीने निदान अर्धा तास तरी सांभाळावे.

म्हणजे एकाच बॅटरीकडून दोन निराळी कामे अपेक्षित असतात. सकाळी इंजिन फिरवताना दोन-चार सेकंद प्रचंड जोर लावायचा, हे पहिलवानाचे काम. संकटात थोडी थोडी वीज बराच वेळ देत राहायचे, हे वारकऱ्याचे. पहिलवान पंढरपूरपर्यंत चालेलच असे नाही.

आणि इथेच त्या क्लबातल्या विमानाची गोष्ट सुरू होते. बॅटरी रोज सकाळी इंजिन चालू करत होती. एका झटक्यात. त्यामुळे कोणालाच शंका नव्हती. पण ठरलेल्या मुदतीची तपासणी आली. या तपासणीत बॅटरी पूर्ण भरतात, मग पुस्तकात सांगितलेल्या प्रवाहाने ती रिकामी करतात आणि घड्याळ लावून बसतात. साठ मिनिटांची म्हणून विकलेली बॅटरी निदान अठ्ठेचाळीस मिनिटे तरी टिकली पाहिजे, म्हणजे शंभरात ऐंशी. ही बॅटरी एकतीसाव्या मिनिटाला बसली. पहिलवान शाबूत होता. वारकरी केव्हाच थकला होता. आपल्याकडचा उन्हाळा पारा पंचेचाळिसाच्या पुढे नेतो. अशा उन्हात आणि इंजिनशेजारच्या उष्णतेत शिशाच्या बॅटरीचे आयुष्य झपाट्याने सरते. त्यात ती अर्धवट भरलेली पडून राहिली, तर आतल्या पत्र्यांवर गंधकाच्या क्षाराचा थर चढतो आणि पुन्हा जात नाही.

त्याने विमान उभे केले. नवी बॅटरी मागवायची तर ती परदेशातून यायची; पैसा मोटारीच्या बॅटरीच्या कितीतरी पट, आणि यायला पाच-सहा आठवडे. इकडे विद्यार्थी खोळंबलेले. उड्डाणाचे तास पुरे झाल्याशिवाय परवाना नाही, आणि त्या तासांसाठी कोणाच्या बापाने शेत गहाण टाकलेले, कोणी बँकेचे कर्ज काढलेले. अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो.

पहिला सल्ला सरळ होता. विमानाला चोवीस व्होल्ट लागतात. मोटारसायकलच्या बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडा. आकाराने डब्यात बसतात. वरचा अँपिअर-तासांचा आकडाही जवळपास तोच. बाजारात आज संध्याकाळी मिळतात. यात खोटे काय आहे? शिसे तेच, गंधकाम्ल तेच. गास्टन प्लांते या फ्रेंच माणसाने १८५९ साली शिशाची पहिली बॅटरी केली, तेव्हापासून तिचे पोट काही बदललेले नाही: एका घराचे दोन व्होल्ट, सहा घरांचे बारा, बारा घरांचे चोवीस.

माझ्या विद्यार्थ्याने दिलेले उत्तर मला फार आवडले, कारण ते भाषेच्या माणसाला समजण्यासारखे होते. तो म्हणाला, “सर, आकडा तोच असतो, पण वाक्य वेगळं असतं.” मोटारसायकलच्या बॅटरीवर ‘चौदा’ लिहिलेले असते त्याचा अर्थ बहुधा असा, की दहा तासांत सावकाश काढली तर चौदा मिळेल, म्हणजे ताशी जेमतेम दीड. विमानाच्या आजच्या बॅटरीवरचा आकडा बहुतेक करून एका तासाच्या हिशेबाचा असतो. आणि शिशाच्या बॅटरीचा स्वभाव असा, की घाईने काढायला गेले तर ती कमी देते. तेव्हा दहा तासांच्या चौदातून एका तासात चौदा मागितले, तर तास भरण्याच्या आतच ती हात वर करील. शिवाय विमान वळताना कलते, हवेच्या खड्ड्यात आपटते. म्हणून ओल्या बॅटरीच्या झाकणात असा पडदा असतो, की ती आडवी झाली तरी आम्ल सांडू नये. आणि नव्या तऱ्हेच्या बंद बॅटरीत आम्ल काचेच्या लोकरीत शोषून ठेवलेले असते. विमानाच्या अंगावर अॅल्युमिनियम असते, आणि सांडलेले आम्ल ते मुकाट्याने खात राहते. या सगळ्याची परीक्षा घेऊनच तिला विमानाची बॅटरी म्हणतात.

दुसरा सल्ला अधिक सुशिक्षित होता. शिसे कशाला, लिथियम घाला. वजन निम्म्याहून कमी. मोबाइलात असते ते घराणे. लिथियमची हलकी बॅटरी ही चांगलीच गोष्ट आहे, आणि लहान विमानांसाठी मान्यता मिळालेल्या अशा बॅटऱ्या आता आहेतही. पण ती त्या त्या जातीच्या विमानाला मंजूर असावी लागते, आणि भरण्याची तऱ्हाही तिला मानवणारी असावी लागते. या घराण्याचा राग वाईट. २०१३ सालच्या जानेवारीत बोइंगच्या ७८७ या अगदी नव्या, कोट्यवधींच्या विमानात बॅटऱ्या पेटल्या: एक बोस्टनच्या विमानतळावर, आणि दुसरीने धूर काढला म्हणून विमान जपानात ताकामात्सूला घाईघाईने उतरवावे लागले. जगातली या जातीची सगळी, पन्नासेक विमाने तीन महिन्यांहून अधिक काळ जमिनीवर बसून राहिली. त्यांत आपल्या एअर इंडियाचीही होती. शेवटी बॅटरीभोवती पोलादी पेटी बांधली, आणि पेटीतला धूर थेट विमानाबाहेर जाईल अशी नळी बसवली, तेव्हा परवानगी मिळाली.

आणि वजन कमी झाले की सगळे चांगलेच होते, हेही खरे नाही. हे मात्र आमच्या गावातल्या कोणत्याही गाडीवानाला आधीच माहीत आहे. बैलगाडीत ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते. जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. ओझे पुढे जास्त झाले की सगळा भार बैलांच्या मानेवर. ‘उलाळ’ हा सुंदर शब्द शहरातून नाहीसा झाला, पण विमानाला तो अजून लागू आहे. विमान शेपटीकडे उलाळ झाले तर नाक वर काढते आणि आवरत नाही. काही जुन्या विमानांत बॅटरी मुद्दाम शेपटीच्या अंगाला ठेवलेली असते, पुढच्या जड इंजिनाला तोल म्हणून. समजा, सहाशे किलोच्या अशा विमानात तोलबिंदूच्या दोन मीटर मागे असलेली बारा किलोची बॅटरी काढली आणि चार किलोची ठेवली; तर विमानाचा तोल पावणेतीन सेंटीमीटर पुढे सरकतो. ऐकायला किरकोळ. पण लहान विमानात तोल मागेपुढे होण्याची सारी सवलतच दहा-पंधरा सेंटीमीटरची असते. सेसना १५२ ची बॅटरी पुढे, इंजिनामागच्या पडद्यापाशी असते. तिथेही हिशेब सुटत नाही. म्हणून नवी बॅटरी आली की ती आधी काट्यावर जाते.

इतका वेळ त्याचे वडील गप्प ऐकत होते. आता मात्र त्यांना राहवले नाही.

“सर, तुमीच सांगा. सोळा टन लाकूड भरलेला ट्रक मी बाजारच्या बॅटरीवर तीस वर्षं चालू केला. याचं विमान वजनानं माझ्या एका ओंडक्यायेवढं. मंग त्याले काहून चालत नाही? पोरं बसून आहेत, त्यायचे बाप व्याज भरून राहिले. या बॅटरीनं इंजिन चालू होते म्हणतो हाच. मंग?”

मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्ही शिक्का नसलेला ओंडका कधी गाडीत घेतला?”

“हॅट!”

“का नाही?”

“का नाही म्हणजे? नाक्यावर गाडी जप्त होते.”

“पण ओंडका तर सागाचाच असतो ना? त्याच जंगलातला. आलमारी तीच होते त्याची.”

वडील थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “लाकूड तेच असते. पण ते कोठून आलं, कोणी तोडलं, ते मले कसं माहीत?”

“मला पण तेच म्हणायचं आहे.”

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे तोडलेल्या प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर वनखात्याचा हातोडा बसतो आणि ठसा उमटतो. सोबत वाहतुकीचा परवाना. त्यात मोजमापे लिहिलेली. नाक्यावर ठसा आणि कागद जुळले तरच गाडी पुढे. विमानाच्या भागालाही असेच असते. बॅटरीसोबत एक कागद येतो: कोणत्या कारखान्यात, कोणत्या क्रमांकाने, कोणत्या कसोटीला उतरून ती बाहेर पडली. तो कागद विमानाच्या दप्तरात जन्मभर राहतो. कागद नाही, तर बॅटरी नाही. मग ती कितीही ताजी असो.

हा दाखला चांगला असला तरी पुरा बसत नाही, हे मी त्या दोघांना सांगितले. मास्तराची खोड जात नाही. ओंडक्यावरचा ठसा लाकडाचा दर्जा सांगत नाही, फक्त ते चोरीचे नाही एवढे सांगतो. बिनशिक्क्याच्या सागवानाचा पलंग मोडून पडत नाही. बॅटरीचा कागद मात्र तिची परीक्षा झाल्याची साक्ष देतो. तरीही मुद्दा एकच आहे. डोळ्यांना जे दिसत नाही, ते ज्याने पाहिले त्याचे नाव कुठेतरी लिहिलेले असावे. शिसे चाखून पाहता येत नाही, आणि आकाशात तपासत बसता येत नाही.

“आणि बाबा,” मुलगा म्हणाला, “ट्रक बंद पडला तर तुम्ही बाजूला घेऊन बिडी ओढत होते. वर बाजू नाही.”

वडिलांनी मान हलवली. पटले म्हणून की थकले म्हणून, ते कळले नाही. “पण पोरं?” ते म्हणाले. याला मुलाकडे उत्तर नव्हते. एका विद्यार्थ्याचे तास त्या सहा आठवड्यांत पुरे झाले नाहीत, आणि त्याची परीक्षा पुढे गेली. त्या मुलाचा बाप क्लबात येऊन बरेच बोलून गेला. ते शब्द त्याने मला सांगितले नाहीत. “त्यांचं चूक नव्हतं सर,” एवढेच म्हणाला.

यथावकाश बॅटरी आली. ती कशी बसवली, हे त्याने मला हातवारे करून सांगितले, आणि मी ते वाचकांसाठी उतरून घेतले. कारण यातले निम्मे घरातल्या बॅटरीलाही लागू आहे.

आधी विमानाचा मुख्य स्विच बंद. हातातली अंगठी, कडे, घड्याळ काढून खिशात. मग ऋण टोकाची तार पहिल्यांदा सोडायची. हा क्रम पाठांतराचा नाही, त्याला कारण आहे. विमानाचे सारे अंग ऋण टोकाला जोडलेले असते. धन टोकावर पाना चालवताना तो चुकून अंगाला टेकला, तर सगळी बॅटरी त्या पान्यातून धावते आणि पाना लाल होतो. ऋण तार आधी सोडली असेल, तर तोच पाना टेकूनही काही होत नाही. बसवताना उलट: धन आधी, ऋण शेवटी.

जुनी बॅटरी निघाली की डबा पाहायचा. कोपऱ्यात पांढरी-हिरवी भुकटी दिसली, तर आम्ल तिथवर पोचले आहे. खायच्या सोड्याचे पाणी ओतायचे. फसफसणे थांबेपर्यंत धुवायचे, पुसायचे, कोरडे करायचे. पत्रा खाल्लेला असेल तर आधी त्याची दुरुस्ती, मग आम्लाला दाद न देणारा रंग. डब्यातून वाफ आणि ओल बाहेर नेणारी नळी मोकळी आहे ना, ते पाहायचे. गांधीलमाशीला अशा नळ्या घरट्यासाठी फार आवडतात.

नवी बॅटरी थेट विमानात जात नाही. आधी टेबलावर ती कारखान्याच्या पुस्तकाप्रमाणे भरायची, मग तिचीही घड्याळ लावून परीक्षा. नवी आहे म्हणून सूट नाही. प्रवासात आणि गोदामात तिचे महिने गेलेले असतात. ही बॅटरी तासाला चार मिनिटे वर टिकली. मग काटा, मग तोलाचा हिशेब, मग डब्यात बसवून पट्टा असा आवळायचा की हाताने हलता कामा नये. पण इतकाही नाही की कवच तडकावे. नट ठरलेल्या ताकदीने, माप दाखवणाऱ्या पान्याने. धन टोकावर रबरी टोपी.

शेवटी इंजिन चालू करून अल्टरनेटर किती व्होल्टांनी भरतो ते पाहायचे. चोवीस व्होल्टच्या बॅटरीला भरणा अठ्ठावीसच्या आसपास हवा. कमी असेल तर ती उपाशी राहते, जास्त असेल तर आतून सुकते. जुनी बॅटरी अकाली का गेली, याचे उत्तर पुष्कळदा इथेच सापडते. या अल्टरनेटरची आणखी एक गंमत आहे. त्याला स्वतः वीज बनवायला सुरुवात करण्यासाठी बॅटरीची थोडी वीज लागते. दुधाला विरजण लागते तसे. बॅटरी अगदीच मेलेली असेल आणि कोणी शहाण्याने हाताने पंखा फिरवून इंजिन चालू केले, तर इंजिन चालेल, पण वीज तयार होणार नाही. विरजणच नाही, तर दही कुठले? म्हणून मेलेल्या बॅटरीवर ‘एवढी एक फेरी मारून येतो’ हे धाडस करायचे नसते.

मग वही. तारीख, विमानाचे उडालेले तास, जुन्या बॅटरीचा क्रमांक, नव्या बॅटरीचा क्रमांक, नवे वजन, आणि सही. जुनी बॅटरी शिसे परत घेणाऱ्याकडे गेली. ते विष शेतात टाकायचे नसते.

मी त्याला विचारले, “मग पुढे कधी अल्टरनेटर बंद पडला का? उपयोग झाला का तुझ्या बॅटरीचा?”

तो हसला. “नाही सर. काहीच झालं नाही. रोज उडतं आहे.”

कथेच्या सोयीसाठी तरी एखाद्या संध्याकाळी दिवे जायला हवे होते, एखादा विद्यार्थी सुखरूप उतरायला हवा होता, आणि त्याच्या बापाने येऊन हात जोडायला हवे होते. तसे काही घडले नाही, आणि घडू नये हीच त्याची इच्छा आहे. मोटारसायकलच्या बॅटऱ्या घातल्या असत्या, तरीही कदाचित काहीच झाले नसते. त्याने दिलेला नकार बरोबर होता, हे सिद्ध करणारी घटना कधीही घडणार नाही. परीक्षा हुकलेला मुलगा मात्र प्रत्यक्ष आहे. असे काम करणारी माणसे आपल्या आजूबाजूला पुष्कळ आहेत. वीजवाहिनीवरचा वायरमन, रेल्वेचा रूळ ठोकत जाणारा गँगमन, औषधाच्या बाटलीवरची तारीख पाहून ती परत करणारा दुकानदार. त्यांच्या नकाराचा त्रास आपल्याला लगेच होतो. त्याचा फायदा आपल्याला कधी दिसत नाही. एखाद्या वेळी आपण त्यांच्यावर चिडतोही. चिडावे, तो आपला हक्क आहे. पण चिडून झाल्यावर, त्यांनी मन मोडून सही करावी म्हणून त्यांच्या मागे लागू नये, एवढे तरी आपल्याला करता येईल.

असो. दिवाळीचा अंक आहे, तेव्हा जाता जाता एक घरगुती गोष्ट. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे, त्यांनी या चार दिवसांत पणती त्याच्या बॅटरीजवळ ठेवू नये. भरताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, आणि तो ज्योतीची ओळख विसरत नाही. पाण्याची पातळी कमी असेल तर शुद्ध केलेले पाणी घालावे, नळाचे नव्हे. बॅटरी काढायची झाली तर ऋण तार आधी. आणि ‘दिवे लागतात ना, मग ठीक आहे’ असे म्हणून थांबू नये. एका संध्याकाळी मुद्दाम वीज बंद करावी, घड्याळ लावावे, आणि ती खरोखर किती वेळ टिकते ते पाहावे. त्या अंधाऱ्या तासाभरात घरातली माणसे एकत्र बसतील आणि गप्पा होतील, हा वरचा नफा.

वाचकांना दिवाळी सुखाची जावो.